नेटवर्क नसताना शब्द कुठे राहतो?

लोधीखेड्याच्या आसपासच्या गावांत बोलीतले शब्द टिपायला माझे विद्यार्थी जातात तेव्हा त्यांच्या हातात वही क्वचितच असते. फोन असतो, फोनवर ब्राउझर असतो आणि ब्राउझरमध्ये एक साधा फॉर्म उघडलेला असतो. शब्द, त्याचा अर्थ, तो वापरलेले एक वाक्य, गाव, सांगणाऱ्याचे वय आणि जमल्यास त्याचा आवाज, एवढेच त्यात भरायचे असते. शेताच्या बांधावर किंवा संत्र्याच्या बागेत नेटवर्क असतेच असे नाही. तरी फॉर्मखालचे ‘जतन करा’ हे बटण तेथेही दाबले जाते आणि ‘जतन झाले’ अशी ओळ उमटते. कुठे जतन झाले, असे मी वर्गात विचारले की उत्तर येते, ‘नेटवर, मॅडम.’ नेट नव्हते, तरी नेटवर!

हे उत्तर केवळ विद्यार्थी देत नाहीत. भाषेचे काम करणारे आपण बहुतेक जण याच समजुतीत असतो. म्हणून हा विषय संगणकवाल्यांवर सोपवून न देता साहित्याच्या माणसानेही समजून घ्यावा, असे मला वाटते. नेटवर्क नसताना टिपलेला शब्द ब्राउझरच्या आत, त्याच फोनवर, एका साठवणीत पडून असतो. ती साठवण खळ्यावरच्या राशीसारखी असते. धान्य आपले असते, पण ते अजून घरी आलेले नसते.

आमच्या भागात या राशीला किंमत का आहे, ते थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा मध्यप्रदेशातच राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तोवर आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. घरात मराठी आणि शाळेत हिंदी हे येथल्या पुष्कळ मुलांचे रोजचे जगणे आहे. पऱ्हाटी, तुराटी, कुटार, डवरणी हे शब्द आजोबांच्या तोंडी सहज येतात आणि नातवाला अर्धेमुर्धे कळतात. काळ्याला ‘काया’ आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणणारी ही बोली छापलेल्या पुस्तकात फारशी येत नाही, ती बोलणाऱ्यापाशीच असते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यासाठीचे नमुने जिल्ह्या-जिल्ह्यांतून कागदावर उतरवून गोळा केलेले होते. उधळ्या पुत्राची तीच एक गोष्ट प्रत्येक बोलीत सांगवून घेतल्यामुळे त्या नमुन्यांत शेती-घरातले शब्द कमी आणि गोष्टीतले शब्द जास्त, ही त्या सर्वेक्षणाची मर्यादा होती. पण कागद कागदाच्या जागी राहिला. अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणांसह संकेतस्थळावर ठेवले आहे. तेही अखेर सुरक्षित जागी पोचले. गावातून निघालेला आणि अद्याप कुठेच न पोचलेला शब्द, ही या लेखाची खरी काळजी आहे.

ब्राउझर हे मुळात दूरच्या सर्व्हरवरून पान मागवून दाखवणारे साधन. पान बंद केले की त्याला काही आठवायचे कारण नव्हते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ आणली. आलेला माणूस मघाचाच आहे, हे सर्व्हरला ओळखता यावे म्हणून ब्राउझरकडे ठेवलेली ती एक चिठ्ठी. तिची मर्यादा साधारण चार किलोबाइट. येथे मराठीची पहिली अडचण दिसते. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. ‘क्षि’मध्ये क, हलन्ताची खूण, ष आणि इकार अशी चार चिन्हे येतात, म्हणजे बारा बाइट. त्यातून कुकीत देवनागरी सहसा टक्क्याच्या खुणा असलेल्या सांकेतिक रूपात घालावी लागते आणि तेथे एका चिन्हाला नऊ बाइट लागतात. एका कुकीत मराठीची साडेचारशे चिन्हे मावतील, एखादा परिच्छेद म्हणा. शब्दकोशाचे काम तीत होणे शक्य नव्हते.

मधला इतिहास खटपटींचा आहे. गूगलने मे २००७ मध्ये ‘गिअर्स’ नावाचे जोडसाधन काढले, ते पुढे बंद झाले. ‘वेब एसक्यूएल’ नावाच्या पद्धतीवरचे काम प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवले. या पडझडीतून आज कामाच्या दोन साठवणी उरल्या आहेत. ‘लोकल स्टोरेज’ ही सोपी. नाव द्यायचे, मजकूर ठेवायचा, नाव सांगून परत घ्यायचा. तिच्यात फक्त मजकूर राहतो, तोही सुमारे पाच मेगाबाइटपर्यंत, आणि मोठा मजकूर लिहिला जात असताना पान अडून बसते. फॉर्म कोणत्या भाषेत दाखवायचा, अक्षर किती मोठे हवे, असल्या आवडीनिवडींसाठी ती ठीक. दुसरी ‘इंडेक्स्डडीबी’. जानेवारी २०१५ मध्ये तिला अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला. ही खरीखुरी माहितीची पेटी आहे. हिच्यात नोंदी कप्प्यांत राहतात, गावावरून किंवा शब्दावरून शोधता येतात आणि, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, ध्वनिमुद्रणही ठेवता येते. शिवाय एक नोंद एका व्यवहारात लिहिली गेली तर ती पूर्ण तरी लिहिली जाते किंवा मुळीच नाही. शब्द आला पण अर्थ अर्ध्यावर तुटला, असे होत नाही. संकलनासाठी फॉर्म करून घेणाऱ्याने तो बनवणाऱ्याला एवढे एकच विचारले तरी चालेल, की नोंदी यांपैकी कशात ठेवता?

पेटी झाली, पण फॉर्मचे पान नेटवर्कशिवाय उघडायचे कसे? हे काम ‘सर्व्हिस वर्कर’ करतो. पान आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसलेला हा छोटा कार्यक्रम पानाची एक प्रत फोनवर राखून ठेवतो आणि नेट नसेल तर तीच पुढे करतो. क्रोममध्ये तो २०१५ पासून आहे, ॲपलच्या सफारीत २०१८ मध्ये आला. तो बसवण्यासाठी पान एकदा तरी नेट असताना उघडलेले लागते. म्हणून गावाकडे निघण्याआधी घरी किंवा कॉलेजात फॉर्म एकदा उघडून पाहायचा, मग फोनचे नेट मुद्दाम बंद करून पुन्हा उघडायचा, असा आमचा शिरस्ता आहे. दोन मिनिटांचे काम आहे. ते न करता निघालेला विद्यार्थी बांधावर कोरे पान पाहत उभा राहतो.

आता मला जी गोष्ट सर्वांत जास्त सांगायची आहे, तिच्याकडे येते. ब्राउझरच्या पेटीत मराठी ठेवली म्हणजे ती मराठीच्या रीतीने राहते, असे नाही. पेटीला अक्षरे कळत नाहीत, तिला प्रत्येक चिन्हाचा क्रमांक कळतो.

‘पऱ्हाटी’ हाच शब्द घ्या. कापसाच्या झाडाला आमच्याकडे दुसरा शब्द कोणी वापरत नाही, त्यामुळे तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या संग्रहात येतो. यातला अर्धा र तीन तऱ्हांनी टंकता येतो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, ते वापरले की शब्द सात चिन्हांचा होतो. ज्याच्या फोनवर हिंदीचाच कळफलक आहे त्याला ऱ सापडला नाही, तर तो र लिहून खाली नुक्ता देतो आणि तोच शब्द आठ चिन्हांचा होतो. तिसरा जुन्या सवयीने र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देतो. तेव्हाही आठच चिन्हे, पण वेगळी. पडद्यावर तिन्ही ‘पऱ्हाटी’ हुबेहूब एक दिसतात. मुद्रितशोधन करणाऱ्या माणसालाही फरक ओळखता येणार नाही. पेटीला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातली नोंद सापडत नाही आणि हा शब्द या गावात मिळाला नाही, असा चक्क खोटा निष्कर्ष निघू शकतो. बोलीच्या अभ्यासात एखाद्या गावात शब्द न मिळणे हाही पुरावाच मानला जातो, म्हणून ही चूक टंकलेखनापुरती राहत नाही. ‘वऱ्हाडी’ हे बोलीचे नावदेखील याच फेऱ्यात सापडते.

यावर उपाय आहे. नोंद पेटीत जाण्याआधी मजकूर एका ठरीव रूपात आणण्याची सोय ब्राउझरमध्येच असते, तिला ‘नॉर्मलाइज’ म्हणतात. तिच्यामुळे नुक्त्याचे रूप आणि ऱ चे रूप एक होते. अदृश्य जोडचिन्हाचे रूप तेवढ्याने बदलत नाही, त्याच्यासाठी र-हलन्त-जोडचिन्ह या त्रयीला ऱ-हलन्त करणारी एक ओळ वेगळी लिहून घ्यावी लागते. मराठी न जाणणाऱ्या तंत्रज्ञाला हे सुचणे कठीण. ते आपणच सांगायला हवे.

क्रमाचेही तसेच. इंडेक्स्डडीबी नोंदी चिन्हांच्या क्रमांकानुसार लावते. त्या क्रमांकांत ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. त्यामुळे पेटी ‘कळप, कवडी, कहर’ असे लावते आणि आपला कोश ‘कवडी, कहर, कळप’ असे लावील. ॲ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला क्रमांक मिळाला तो ह च्याही बराच पुढचा. परिणामी ‘ॲसिड’ हा शब्द ‘हळद’नंतर येऊन बसतो. आणि त्या तीन पऱ्हाट्यांचे काय होते? नुक्त्याची पऱ्हाटी ‘परात’च्या आधी लागते आणि उरलेल्या दोघी ‘परात’च्या नंतर. आमच्या एका विद्यार्थिनीने यादी छापून आणली तेव्हा मी तिला शब्द दोनदा का आला म्हणून विचारले. ‘एकच आहे ना, मॅडम, मशीनच दोन म्हणते,’ असे ती म्हणाली, आणि तिचे बरोबर होते. पेटीतला क्रम अंतिम न मानता नोंदी बाहेर काढल्यावर मराठीच्या नियमाने पुन्हा लावून घ्याव्यात. भाषेनुसार क्रम लावण्याची सोयही आजच्या ब्राउझरांत आहे, फक्त तिला ‘मराठी’ असे सांगावे लागते. न सांगितले तर फोन ज्या भाषेत आहे त्या भाषेचा नियम ती लावू शकते, आणि आमच्याकडचे फोन बहुतेक हिंदीत असतात.

बोलीचे रूप आणि प्रमाण रूप वेगळ्या रकान्यांत ठेवावे, हेही याच ओघात सांगते. ‘डोया’ टिपताना हात आपोआप ‘डोळा’ लिहितो. शिक्षकांचा तर नक्कीच लिहितो, आयुष्यभर शुद्धलेखन तपासलेले असते. एकच रकाना असेल तर बोलीचे रूप प्रमाण रूपाखाली दडपले जाते आणि ते पुन्हा काढून घेता येत नाही. आवाज जवळ असेल तर निदान तपासता येते.

आता ही रास नाहीशी कशी होते ते पाहू. पेटी फोनवर असली तरी तिच्यावर मालकी फोनधारकाची जेवढी, तेवढीच ब्राउझरची आहे. क्रोम एका संकेतस्थळाला डिस्कच्या साठ टक्क्यांपर्यंत जागा देऊ शकतो, म्हणून जागा अपुरी पडेल ही भीती कमी. खरी अडचण फोनच भरत आला की येते. मग ब्राउझर बरेच दिवस न उघडलेल्या संकेतस्थळांचा साठा आपणहून काढून टाकतो, आणि काढतो तेव्हा त्या संकेतस्थळाचा सगळाच काढतो, थोडा ठेवून थोडा नव्हे. लग्नसराईत चित्रफितींनी फोन भरतो आणि परीक्षेच्या दिवसांत संकलनाचा फॉर्म कोणी उघडत नाही. आमचे वेळापत्रक नेमके या नियमाला सोयीचे आहे. ॲपलच्या सफारीचा नियम आणखी कडक. २०२० पासून, ब्राउझर वापरात असताना सात दिवस एखाद्या संकेतस्थळाला माणसाने हात लावला नाही, तर तेथल्या पानाने लिहिलेली साठवण पुसली जाते. माणसाच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातवाल्यांना आवरण्यासाठी तो केला. हेतू रास्त आहे, पण त्याच चाळणीत आमचे शब्दही अडकतात. पान फोनच्या मुख्य पडद्यावर ॲपसारखे बसवून घेतले तर हा धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय आमचा साठा आपणहून पुसू नका, अशी विनंती संकेतस्थळाला ब्राउझरकडे करता येते. फायरफॉक्स त्यासाठी वापरणाऱ्याला विचारतो, क्रोम न विचारता स्वतःच ठरवतो. फॉर्म करणाऱ्याने ही विनंती घातली आहे की नाही, हे विचारण्याजोगे आहे.

माणसाच्या हाताने होणारे नुकसान याहून साधे असते. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने फोन हळू चालतो म्हणून दुरुस्तीला दिला. तेथे ब्राउझरचा सगळा साठा साफ करून मिळाला आणि फोन खरोखरच जलद चालू लागला. आठवड्याभराची टिपणे त्या जलदपणात गेली. तो पुन्हा त्याच आजींकडे गेला. त्यांनी शब्द सांगितले, न कुरकुरता सांगितले. पण पहिल्या वेळी सरकी निवडता निवडता बोलण्याच्या ओघात आलेली एक म्हण त्यांना काही केल्या आठवेना. विचारून मिळालेला शब्द आणि बोलताना आलेला शब्द यांतला फरक बोलीचे काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

आणखी काही बारकावे धावत सांगते. खाजगी खिडकीत भरलेल्या नोंदी ती खिडकी बंद करताच जातात. क्रोममध्ये भरलेले फायरफॉक्सला दिसत नाही. काही ॲप दुवा स्वतःच्याच आतल्या खिडकीत उघडतात, तेथली पेटी पुन्हा वेगळी. संकेतस्थळाचा पत्ता बदलला, अगदी ‘एचटीटीपी’चे ‘एचटीटीपीएस’ झाले तरी, ब्राउझरच्या लेखी ते परके घर. जुन्या पत्त्याचा साठा फोनवर असतो, पण नव्याला तो उघडता येत नाही. म्हणून संकलन चालू असताना पत्ता बदलू नये. आणि फोन घरातल्या चौघांच्या हातातला असेल तर सांगणाऱ्याचे नाव पेटीत मुळीच ठेवू नये. पेटीला वेगळे कुलूप नसते, फोन उघडला की तीही उघडी. आम्ही गाव, वय आणि एक क्रमांक एवढेच ठेवतो. नावे कॉलेजातल्या कपाटात कागदावर असतात.

नेटवर्क आले की नोंदी पाठवायच्या. येथेही ‘नेट आहे’ या ब्राउझरच्या सांगण्यावर विसंबू नये. फोन कुठल्याशा जाळ्याला जोडलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. टॉवरच्या काड्या दिसतात आणि पान हलत नाही, हा अनुभव सौसरच्या रस्त्यावर कोणाला नाही? म्हणून प्रत्येक नोंदीवर ‘पाठवायची’ अशी खूण असावी आणि सर्व्हरकडून पोच आल्यावरच ती ‘पाठवली’ व्हावी. पोच वाटेत हरवली तर नोंद दुसऱ्यांदा जाते, हे गृहीत धरून प्रत्येक नोंदीला फोनवरच एक न बदलणारा क्रमांक द्यावा, म्हणजे सर्व्हरवर ती एकच राहते. नेट येताच मागच्या मागे पाठवण्याची आपोआप सोय क्रोममध्ये आहे, सफारी आणि फायरफॉक्समध्ये नाही. त्यामुळे ‘आता पाठवा’ हे बटण फॉर्मवर ठळक हवेच, आणि शेजारी न गेलेल्या नोंदींची संख्या. ‘जतन झाले’ या ओळीऐवजी आम्ही ‘फोनवर ठेवले, अजून पाठवायचे आहे’ अशी ओळ लिहून घेतली. विद्यार्थ्यांच्या वागण्यात सर्वांत मोठा फरक त्या पाच शब्दांनी पडला.

हीच यंत्रणा उलट दिशेनेही उपयोगी पडते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ या मुक्त साधनाने एकदा उतरवून घेतला, की नेटशिवाय वाचता येतो, आणि किविक्सची एक आवृत्ती ब्राउझरमध्येही चालते. उतरवलेली प्रत गेली तर पुन्हा उतरवता येते, मूळ दुसरीकडे असते. संकलनात मूळ आपल्याच खिशात असते.

म्हणून आमच्या फॉर्मवर तिसरे एक बटण आहे, ‘फाइल काढा’. दिवसभराच्या सगळ्या नोंदी आणि आवाज त्यातून एका फाइलमध्ये उतरतात आणि ती ब्राउझरच्या पेटीबाहेर, फोनच्या साध्या फोल्डरमध्ये जाते. नेट असो वा नसो, संध्याकाळी घरी पोचल्यावर ही फाइल काढायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या संगणकावर आणून द्यायची. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि टिपणाऱ्याचा क्रमांक असतो. डवरणीच्या दिवसांत विद्यार्थी पुन्हा बाहेर पडतील, तेव्हा सोबत एक छोटी वहीही न्यायला मी सांगितले आहे. म्हण कानावर आली, की आधी तीत लिहायची आणि फॉर्म मग उघडायचा.